शंख टाकून देणारी गोगलगाय

गोगलगाय तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. आपल्या सोलापुरात पाऊस तसा बेताचाच, पण एक चांगली सर पडून गेली की कुंडीच्या बुडाशी, ओल्या भिंतीवर, बागेतल्या दगडाखाली ही बाई हजर. २०२२ च्या खरिपात तर शेजारच्या लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. हातानं वेचून गोळा करायच्या, एवढ्या झाल्या होत्या. दिवसा ऊन तापलं की गोगलगाय शंखात शिरते, तोंडावर पातळ पडदा ओढून घेते आणि पुन्हा ओल येईपर्यंत गप्प पडून राहते. पक्षी आला, आत. मुंगळा चावला, आत. शंख आहे म्हणून ती आहे.

मग आता विचार करा. तिनं हा शंख टाकूनच दिला तर?

समुद्रात हे खरोखर घडलंय. शंख टाकून दिलेल्या गोगलगायी तिथं रोज जन्माला येतात, खातात-पितात, अंडी घालतात आणि मजेत राहतात. त्यांना समुद्री गोगलगायी म्हणतात. त्यातला जो सगळ्यात रंगीत आणि मोठा गट आहे त्याचं नाव न्यूडिब्रँक. जगात त्यांच्या ३,००० हून जास्त जाती माहीत आहेत आणि दरवर्षी नव्या सापडत आहेत. जांभळ्या, केशरी, दुधी, ठिपक्यांच्या, पट्ट्यांच्या, अंगभर बोटांसारखे कोंब फुटलेल्या. ज्या प्राण्याला आपण मातकट आणि चिकट म्हणून नाक मुरडतो, त्याची ही सख्खी भावंडं!

त्यांचा शंख जातो कुठे, हे सांगायलाच हवं, कारण ती गोष्ट भारी आहे. समुद्री गोगलगायीच्या पिल्लाला शंख असतो! अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा ते पिल्लू नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक असतं, आणि त्याच्या पाठीवर इवलासा वळणदार शंख असतो. अंगावरच्या केसांची भराभर हालचाल करत ते पाण्यात पोहत राहतं, लाटा नेतील तिकडे जातं. मग एखाद्या ठिकाणी त्याला त्याच्या आवडीच्या अन्नाचा वास लागतो. तिथं ते तळाशी टेकतं, पोहणं सोडतं, आणि काही तासांत किंवा दिवसांत त्याचं सगळं अंग बदलून जातं. शंख गळून पडतो. आजी-पणजी-खापरपणजी शंखवाल्या होत्या याची ती खूण, जेमतेम बालपणापुरती राहिलेली.

शंख गेला तसं बाकीचं घरही उलटंपालटं झालं. समुद्रातल्या शंखवाल्या गोगलगायी श्वास घ्यायचे कल्ले शंखाच्या आत जपून ठेवतात. न्यूडिब्रँकचे कल्ले उघड्यावर, पाठीवर. काहींच्या पाठीच्या टोकाशी पिसांचा झुबका असतो, तोच त्यांचा कल्ला. हात लावायला गेलं की झटकन आत ओढून घेतात. डोक्यावर दोन शिंगं असतात, ती शिंगं म्हणजे त्यांचं नाक. पाण्यात विरघळलेला वास त्या शिंगांनी घेत घेत त्या खाणं शोधतात आणि आपल्या जातीचा जोडीदारही शोधतात. ‘गोगलगाय न् पोटात पाय’ ही म्हण इथंही तंतोतंत लागू आहे, कारण पोटाखालचा सगळा सपाट भाग हाच एक लांबच लांब पाय.

आणि डोळे? डोळे आहेत, पण त्वचेच्या आत बुडालेले दोन काळे ठिपके. त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. म्हणजे ज्या रंगापायी माणसं कॅमेरे घेऊन समुद्रात बुड्या मारतात, तो रंग त्या बिचारीला स्वतःला कधीच दिसत नाही. ना स्वतःच्या अंगावरचा, ना मैत्रिणीच्या. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हापासून ती डोक्यातून जातच नाही. एवढा थाटमाट, आणि तो सगळा दुसऱ्यांसाठी!

दुसरे म्हणजे कोण? मासे. ‘मला खाऊ नकोस, पस्तावशील’ असं तो रंग माशांना बजावत असतो. ही पोकळ धमकी नसते. न्यूडिब्रँकपैकी पुष्कळ जणी समुद्री स्पंज खातात. स्पंज पळू शकत नाहीत, म्हणून ते अंगात विष साठवतात. गोगलगाय ते विषासकट खाते, स्वतः पचवते आणि विष काढून आपल्या कातडीत ठेवते. एखाद्या अडाणी माशानं तिला तोंडात घेतलं की तो लगेच थुंकून टाकतो, आणि पुढच्या वेळी तो रंग लक्षात ठेवतो.

पण खरी करामत दुसऱ्या एका कुळाची आहे. तिकडेच आता जरा थांबू.

समुद्राच्या दगडांवर, जुन्या दोरखंडांवर, धक्क्याच्या खांबांवर बारीक झुडपासारखं काहीतरी उगवलेलं दिसतं. ते झुडूप नसतं. ते हायड्रॉइड नावाचे प्राणी असतात, जेलीफिशचे नातेवाईक, आणि एकेका फांदीच्या टोकाला एकेक तोंड. त्यांच्या अंगावर हजारो सूक्ष्म डंखपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक बारीक नळी वेटोळं घालून, दाबून भरलेली असते. कुणाचा स्पर्श झाला की ती नळी क्षणार्धात बाहेर उडते, शत्रूच्या अंगात घुसते आणि विष सोडते. इतका लहान प्राणी, पण जवळ जायची सोय नाही.

क्रॅटेना नावाची छोटीशी समुद्री गोगलगाय नेमकं हेच खाते. चेहऱ्यावर चिकट द्रव, तोंडाच्या आत जाड अस्तर, असा बंदोबस्त करून ती हायड्रॉइडची तोंडं कुरतडते. काही डंख उडतात, पण सगळे नाही. पुरते तयार न झालेले डंख शाबूत गिळले जातात. आता कल्पना करा, कुणी दिवाळीतले लवंगी फटाके वात न पेटवता एकेक करून गिळले आणि ते न फुटता पोटातून बोटांच्या टोकांपर्यंत नेऊन ठेवले! क्रॅटेना हेच करते. तिच्या पाठीवर कोंबांच्या ओळी असतात. तिच्या आतड्याच्या फांद्या थेट त्या कोंबांत गेलेल्या असतात, आणि प्रत्येक कोंबाच्या टोकाशी एक छोटी पिशवी असते. गिळलेले डंख त्या पिशवीत जाऊन बसतात, तिथंच पिकतात आणि वापरायला तयार होतात. माशानं कोंबाला तोंड लावलं की डंख सुटतात. हत्यार हायड्रॉइडचं, हात क्रॅटेनाचा.

एवढ्यावर थांबली तर ती क्रॅटेना कसली. भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटाजवळ तिच्याच एका बहिणीवर संशोधकांनी प्रयोग केले, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिला दोन प्रकारचे हायड्रॉइड दिले, काही उपाशी आणि काही नुकतेच जेवलेले. ती बारीक सागरी जीव खाऊन तुडुंब झालेले हायड्रॉइड निवडत होती. म्हणजे जेवणाऱ्याला खायचं आणि त्याच्या पोटातलं जेवणही खायचं. तिच्या आहारातला निदान निम्मा भाग त्या चोरलेल्या जेवणातून येतो असं निघालं.

आपल्याकडची बातमी आता ऐका. २०२० साली आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रॅटेनाच्या दोन नव्या जाती जगाला माहीत झाल्या. संशोधक मनीषा भराटे, दीपक आपटे आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या तपासून, मोजून, त्यांचे दात आणि जनुकं पाहून त्यांना नावं दिली. एकीचं नाव क्रॅटेना पोशित्रा. पोशित्रा हे गुजरातमध्ये कच्छच्या आखाताच्या काठचं गाव. दुसरीचं नाव क्रॅटेना पवारशिंदेओरम. पुन्हा एकदा वाचा, हळू. पवार आणि शिंदे! तुमच्या वर्गातल्या हजेरीपटावर असणारी ही दोन आडनावं आता जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत कायमची छापली गेली. आणि हा प्राणी काही अथांग खोलात राहणारा नाही. गेली शेकडो वर्षं ओहोटीला त्याच्या शेजारून माणसं चालत होती. दिसत होता, पण वाकून कुणी पाहिला नव्हता.

डंखचोरांची महाराणी मात्र किनाऱ्यावर राहत नाही. तिचं नाव ग्लॉकस, लोक तिला निळा ड्रॅगन म्हणतात. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. ती हवेचा बुडबुडा गिळते आणि त्याच्या जोरावर भर समुद्रात पृष्ठभागावर उताणी तरंगते. हो, उताणी. पोट आकाशाकडे, पाठ पाण्याकडे. पोट गडद निळं, म्हणून वरून उडणाऱ्या पक्ष्याला ती निळ्या पाण्यात दिसत नाही. पाठ चंदेरी, म्हणून खालून बघणाऱ्या माशाला ती उजळ पृष्ठभागात दिसत नाही. आणि ती खाते काय? ब्लू बॉटल. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू आणि गिरगाव चौपाटीवर वाऱ्यानं वाहत येणारे निळे फुगे, ज्यांच्या लांब शेपट्यांचा डंख झाला की मोठी माणसंही कळवळतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथं कितीतरी जणांना असे डंख झाले होते. ग्लॉकस त्या ब्लू बॉटललाच चिकटते आणि तिचे सगळ्यात जालीम डंख वेचून साठवते. म्हणून तिचा स्वतःचा डंख कधी कधी ब्लू बॉटलपेक्षाही भारी पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ येऊन गेल्यावर चेन्नईच्या बेसंट नगर किनाऱ्यावर हे निळे ड्रॅगन वाहून आले होते. कितीही गोड दिसली, मेलेली दिसली, तरी तिला हात लावायचा नाही. डंख तिच्या मरणानंतरही सुटतात.

हत्यारांची चोरी झाली, आता त्याहून अजब चोरी. एलिशिया नावाच्या हिरव्या समुद्री गोगलगायी न्यूडिब्रँक नव्हेत, त्यांच्या दूरच्या बहिणी. त्या शेवाळातला रस शोषतात आणि त्यातले हिरवे कण, म्हणजे झाडं ज्यांनी उन्हातून अन्न बनवतात ते हरितलवक, न पचवता अंगात पसरून ठेवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिशिया क्लोरोटिका हे कण महिनोन्‌महिने जिवंत ठेवते. एलिशियाच्या आणखी एका जातीचा पराक्रम तर २०२१ मध्ये जपानमधल्या नारा इथल्या दोन संशोधकांनी दाखवला. ती स्वतःची मान स्वतःच तोडते! धड मागे पडतं आणि नुसतं डोकं सरपटत निघून जातं, शेवाळ खायला लागतं. आणि तीनेक आठवड्यांत त्या डोक्याला नवं धड फुटतं, हृदयासकट. जुन्या धडाला मात्र नवं डोकं फुटत नाही.

बरं, हे सगळं समुद्रात. आणि आपण कुठे? सोलापूरच्या सात रस्त्यावर. इथून समुद्र म्हटला की सगळे पश्चिमेकडे बोट दाखवतात, कोकणाकडे, मुंबईकडे. बरोबरच आहे, जवळचा समुद्र तोच. पण सात रस्त्यावर पडलेल्या पावसाला विचारा, तो उलट दिशेला निघतो. इथलं न मुरलेलं पाणी नाल्या-ओढ्यांतून सीनेला जातं. सीना हत्तरसंग कुडलजवळ भीमेला मिळते. (हो, तेच कुडल, जिथं शके ९४० चा मराठी शिलालेख सापडला. सहलीला जाल तेव्हा संगम नीट बघा.) भीमा कर्नाटकात शिरते, रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते. मग श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे पाण्याच्या हिशेबानं आपला समुद्र तो पूर्वेचा.

आणि त्याच पूर्व किनाऱ्यावर, आणखी वर विशाखापट्टणमकडे, मिळाली होती कलिंगा!

कलिंगा ऑर्नाटा. प्राचीन कलिंग देशाचं नाव असलेली समुद्री गोगलगाय. ती दहा सेंटिमीटरहूनही मोठी होते. अंग करडं, अर्धवट आरपार दिसणारं, त्यावर लाल-पिवळ्या गाठी, आणि डोक्यापुढे फाटे फुटलेली झालर. तिच्या जवळच्या बहिणींचे कल्ले एका झुबक्यात असतात, हिचे पाठीवर विखुरलेले. ती वाळू-चिखलाच्या तळावर फिरते आणि तिथल्या ब्रिटल स्टार नावाच्या, लांब सापासारख्या पाच हातांच्या प्राण्यांना खाते. बाकीच्या बहुतेक बहिणी एका जागी चिकटलेलं सावज शोधतात, ही मात्र पळणाऱ्या सावजाला धरते. तिच्या वंशात ती एकटीच आहे, दुसरी जातच नाही. नंतर ती जपान, ऑस्ट्रेलियापर्यंतच्या समुद्रांत सापडली, पण नाव मिळालं ते आपल्या किनाऱ्यावर.

ते मिळालं कसं? वॉल्टर इलियट नावाचा एक स्कॉटिश अधिकारी मद्रास इलाख्यात नोकरीला होता. तरुणपणी तो धारवाडकडे होता, आणि त्यानं दक्षिण मराठा मुलुखातल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३९ मध्ये छापली होती. पुढे विशाखापट्टणमच्या भागात असताना त्यानं समुद्री गोगलगायी गोळा केल्या आणि त्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. चित्रं का? कारण समुद्री गोगलगाय मेली की तिचा रंग उडतो आणि बाटलीत उरतो तो एक पांढुरका गोळा. चित्रं आणि नमुने इंग्लंडमधल्या ऑल्डर आणि हॅन्कॉक या दोन जाणकारांकडे गेले, आणि १८६४ मध्ये त्यांनी कलिंगाचं वर्णन छापलं. त्या समुद्रकाठी चिखलात हात घालून ते जीव बाहेर काढणारी माणसं नक्कीच इथली होती. त्यांची नावं त्या निबंधाच्या मथळ्यात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता तुम्हाला समुद्री गोगलगाय बघायची असेल, तर पाणबुडा व्हायची गरज नाही. सात रस्त्यावरून स्टेशन गाठायचं, रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबई. तिथं हाजी अली, वांद्र्याचा कार्टर रोड, जुहू अशा ठिकाणी खडकाळ किनारा आहे, आणि एवढ्या गर्दीच्या शहराला खेटून तिथं समुद्री गोगलगायी राहतात. २०१७ मध्ये काही मंडळींनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा उपक्रम सुरू केला. ते लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरवतात आणि दिसलेल्या प्राण्यांच्या नोंदी करतात. कोकणात जाणार असाल तर रत्नागिरी, मालवणचे खडकही आहेतच.

मात्र वेळ साधावी लागते. कोळ्यांना विचारा, ते उधाण आणि भांग यातला फरक सांगतील. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीला पाणी खूप आत जातं, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हलतच नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास, आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. त्या दिवशी कुठली ओहोटी जास्त खाली जाणार हे भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायचं, आणि पाणी पुरतं ओसरायच्या तासभर आधी पोचायचं. मोठं माणूस बरोबर हवंच. घट्ट बसणारे बूट घाला, कारण शंख-शिंपल्यांच्या कडा पाय कापतात. पाणी वळलं की परत फिरायचं, ‘अजून एकच डबकं’ असं म्हणायचं नाही.

डबक्यापाशी बसलात की घाई करू नका. निदान पाच मिनिटं नुसतं बघा. आधी काहीच दिसत नाही. मग शेवाळाचा एक तुकडा पाण्याच्या उलट दिशेनं सरकताना दिसतो, किंवा एखाद्या दगडावर गोल गोल गुंडाळलेली पांढरी वा केशरी फीत दिसते. ती फीत म्हणजे समुद्री गोगलगायीची अंडी, एकेका फितीत हजारो. फीत दिसली की आई जवळपास असू शकते. (आई म्हणा किंवा बाबा म्हणा, प्रत्येक समुद्री गोगलगाय दोन्ही असते.) दगड उचललात तर जसा होता तसाच हळूच परत ठेवा, त्याच्या खालच्या अंगाला कितीतरी जणांची घरं असतात. उचलायचं काही नाही, बाटलीत भरायचं काही नाही, रंग कसा उडतो ते आपण वाचलंच. फोटो काढा, तारीख, वेळ, जागा वहीत लिहा. मोठ्यांच्या मदतीनं आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर फोटो टाकलात तर जाणकार तुम्हाला नाव सांगतील.

आणि दिवाळीच्या सुटीत समुद्राकडे जाणार असाल तर एक सोपा हिशेब. लक्ष्मीपूजन अमावस्येला असतं. म्हणजे पाडवा आणि भाऊबीज दोन्ही ऐन उधाणात. त्या दिवशी पहाटे उठायचंच असतं. तक्त्यात सकाळची ओहोटी पुरेशी खाली जाणारी दिसली, तर आधी खडकांवर जाऊन या, उटणं लावायला आल्यावर बसा.